अमोनिया पचविणारे जीवाणू



सकाळी गुरांच्या गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा वास येतो, तो अमोनियाचा. हाच अमोनिया खत व रसायन कारखान्यांच्या सांडपाण्यात असतो. चेंबूर व अलिबागजवळील थळ येथे युरिया बनतो, तो अमोनियापासूनच. असे पाणी शुद्ध न करता नदीत सोडले तर मासे मरतात. म्हणून नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात अमोनियायुक्त नत्र लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी सर्वसाधारण मर्यादा कायद्याने घातली आहे.

हे शुद्धीकरण जीवाणू करतात. नायट्रोसोमोनास हे अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. एकाचा टाकाऊ पदार्थ तो दुसऱ्याचा आहार! प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्यांना ही साखळी चटकन समजेल. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे दोन टप्पे उलगडले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा २०१५ साली आढळले. शेवटी, प्राणवायू नसलेल्या टाकीत वेगळे जीवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतात व तो हवेत जातो.

अमोनिया पचविणारे हे जीवाणू सावकाश वाढतात. आतड्यातील काही जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना जवळजवळ एक दिवस लागतो. १ किलो अमोनिया-नत्रामागे सुमारे साडेचार किलो प्राणवायू लागतो. पाणी आम्लधर्मी होत जाते, म्हणून चुना किंवा सोडा घालावा लागतो. वीज वाचविण्यासाठी रात्री हवेचे यंत्र बंद ठेवले की काम थांबते. विषारी रसायन आले तर जीवाणू मरतात आणि पुन्हा वाढायला कित्येक आठवडे जातात.

हीच क्रिया आपल्या भातखाचरातही चालते. चिखलाच्या वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, खाली नसतो. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, वरच्या थरात त्याचे नायट्रेट होते आणि खाली झिरपून त्याचा नत्रवायू होतो. टाकीत जो फायदा, तोच शेतात तोटा! म्हणून युरिया एकदम न फेकता हप्त्याहप्त्याने द्यावा, किंवा त्याच्या गोळ्या चिखलात खोचाव्यात.

सापगावची भातसा पुढे काळू नदीला मिळते. मुंबईही तिचेच पाणी पिते. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी शुद्ध राखण्याचे शास्त्र आपल्या मुलामुलींनी शिकावे, प्रयोगशाळेत व शुद्धीकरण केंद्रात जबाबदारीच्या जागा घ्याव्यात, हीच अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!