राखण : एकाकी शेतघरातील भय आणि कादंबरीचे निवेदन

१

वस्तीपासून दूर, शिवारात एकट्याने उभे असलेले घर आणि त्या घरात राहणाऱ्याला वाटणारी असुरक्षितता हे आशयसूत्र म्हटले की आपल्याला भयकथा आठवते. दार वाजते, कुत्री भुंकतात, बाहेर कोणीतरी असते. पुढचे सारे कौशल्य हे 'कोणीतरी' किती वेळ झाकून ठेवायचे यात असते. गंभीर वाङ्मयात मात्र हा अवकाश वेगळ्या रीतीने उभा राहतो. तेथे बाहेरचा माणस अनोळखी नसतो. तो त्याच शेतावर राबणारा, घराची दारे-खिडक्या ठाऊक असलेला, बहुधा घराची राखण करणाराच असतो. भय परक्याचे की राखणदाराचे, हा प्रश्न समोर ठेवून प्रस्तुत लेखात डोरिस लेसिंग यांची 'द ग्रास इज सिंगिंग' (१९५०) आणि जे. एम. कुट्सी यांची 'डिसग्रेस' (१९९९) या दोन आफ्रिकी इंग्रजी कादंबऱ्यांचा विचार केला आहे. शेवटी आनंद यादव यांच्या 'गोतावळा'कडे (१९७१) वळण्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

मराठी अभ्यासकाला या कादंबऱ्यांकडे पाहताना एक अडचण येते आणि एक सोयही लाभते. अडचण अशी की देशावरचे घर परंपरेने एकाकी नाही. घरे गावठाणात एकमेकांना चिकटून, काही ठिकाणी गावकुसाच्या आत, शेते बाहेर. कोकणातील विखुरलेल्या वाड्या हा अपवाद. देशावर शेतातच घर बांधून राहण्याची पद्धत विहीरबागायत आणि पाटपाण्याबरोबर वाढली. 'मळ्यातली वस्ती', 'वस्तीवर राहतो' हे शब्दप्रयोग त्याच बदलाचे साक्षीदार आहेत. त्यामुळे शेकडो एकरांच्या मध्यभागी पत्र्याचे एकच घर आणि जवळचा शेजारी काही मैलांवर, ही वसाहतवादी शेतीने घडवलेली रचना आपल्या अनुभवात थेट बसत नाही.

सोय आहे ती 'राखण' या शब्दाची. इंग्रजीत संरक्षण, पहारा, देखभाल यांसाठी निरनिराळे शब्द योजावे लागतात. आपल्याकडे हा एकच शब्द शेत, घर, जनावर आणि देवता या साऱ्यांना पुरतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जमिनीला राखणदार असतो आणि त्याला वर्षातून एकदा 'राखण' द्यावी लागते, कोठे नारळ तर कोठे कोंबडा. म्हणजे राखण ही सेवाही आहे आणि त्या सेवेचे मोलही आहे. हे मोल चुकले तर राखणदारच कोपतो. देशावर हाच व्यवहार लौकिक रूपात दिसतो. गावाची राखण करणाऱ्या रामोशांना तिच्याबद्दल हक्क मिळत असत. चोरी झाल्यास माग काढण्याची आणि माग न लागल्यास भरपाईची जबाबदारीही त्यांच्यावर असे. ज्यांच्या हाती पहारा, त्यांच्यावरच संशय, ही या व्यवस्थेतील अंगभूत विसंगती होय. ब्रिटिश अमदानीत जुने हक्क मोडले तेव्हा त्याच समाजातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले (त्यांना १८३२ मध्ये फाशी देण्यात आली) आणि पुढे या राखणदारांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. हक्क काढून घेतले की राखणदाराचा दरोडेखोर होतो. निदान नोंदवहीत तरी होतो. हे भान घेऊन या दोन कादंबऱ्या वाचाव्यात असे सुचवावेसे वाटते.

२

'द ग्रास इज सिंगिंग' ही कादंबरी दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे १९८० पासूनच्या झिंबाब्वेत, घडते. पहिल्याच पानावर वर्तमानपत्रातील बातमी येते : शेतकरी रिचर्ड टर्नर यांची पत्नी मेरी हिचा घराच्या ओसरीवर खून झाला असून घरगड्याने गुन्ह्याची कबुली दिली आहे. रहस्य असे काही शिल्लक राहत नाही. मग कादंबरी सांगते ती काय, तर मेरीच्या भयाची घडण.

ही घडण लेसिंग यांनी दोन पातळ्यांवर दाखविली आहे. पहिली पातळी घराची. डिकने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या या घराला पत्र्याचे छप्पर आहे, आतून आच्छादन नाही. दिवसभर पत्रा तापतो आणि उष्णता थेट डोक्यावर उतरते. मेरी वर्षानुवर्षे आच्छादन मागते. कधी मका, कधी डुकरे, कधी मधमाश्या अशा नव्या नव्या उद्योगांत पैसा घालवणाऱ्या डिकला तेवढे मात्र परवडत नाही. घर हे निवाऱ्याचे प्रतीक मानण्याची आपली सवय येथे मोडते. भोवतीचे रान आणि घर यांत जेमतेम एका पत्र्याचे अंतर असते, आणि आपण नसलो तर रान हे घर गिळून टाकील, झाडे जमिनीतून वर येऊन छप्पर उचलतील, हे मेरीचे अखेरच्या दिवसांतील भ्रमचित्र या साध्या वास्तुवर्णनातूनच उगवलेले असते. म्हणून ते ओढून आणलेले वाटत नाही.

दुसरी पातळी संस्काराची. काळ्या माणसापासून सावध राहा, एकटी बाहेर पडू नकोस, हे मेरी लहानपणापासून ऐकत आली आहे. कारण विचारण्याची सोय नाही. कारण कोणी सांगत नाही. म्हणजे ती शेतावर येण्यापूर्वीच तिचे भय तयार आहे, शेत त्याला फक्त जागा देते. डिक हिवतापाने आजारी पडतो तेव्हा मजुरांवर देखरेख करताना ती एका मजुराच्या चेहऱ्यावर चाबूक ओढते, कारण त्याने पाणी प्यायची परवानगी इंग्रजीत मागितलेली असते. पुढे तोच मोझेस घरगडी म्हणून घरात येतो, चेहऱ्यावरचा वण घेऊन.

यानंतरचा भाग कादंबरीतील सर्वांत कठीण आणि सर्वांत समृद्ध आहे. मेरी मोझेसला भिते. पण तिला जेवू घालणारा, झोप म्हणून सांगणारा, तिच्या ढासळत्या मनाला सांभाळणाराही तोच आहे. डिक शेतात आणि कर्जात बुडालेला. शेजारी चार्ली स्लॅटर यांचे लक्ष माणसांपेक्षा त्यांच्या जमिनीवर, आपल्या गुरांना चराई मिळावी म्हणून. या घराची खरी राखण मोझेसच करतो. मेरीचे भय आणि मेरीचे अवलंबन ही एकाच नात्याची दोन अंगे होतात. काही टीकाकार या नात्याचा उलगडा केवळ दडपलेल्या कामवासनेतून करतात. तो अर्थ कादंबरीत आहेच. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे चाबकाचा वण विसरणे होय. मोझेसच्या राखणीचे मोल कधी चुकवले गेलेले नाही, उलट त्याच्यावर एक जुने येणे बाकी आहे. टर्नर कुटुंब शेत सोडून जायला निघते आणि नव्याने आलेल्या तरुण टोनीसमोर मेरी मोझेसला हाकलून देते, तेव्हा तिने हा हिशेब एकतर्फी मिटवलेला असतो. त्यानंतरच खून होतो. आणि खून केल्यावर मोझेस पळत नाही, पोलिसांची वाट पाहतो.

३

'डिसग्रेस'मधील शेत याच्या उलट दिशेने बांधलेले आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली; कादंबरी त्यानंतरची. ईस्टर्न केपमध्ये सेलम या गावाबाहेर ल्यूसी लुरी हिची लहानशी शेती आहे. ती फुले-भाजी पिकवते, शनिवारच्या बाजारात विकते, लोकांची कुत्री सांभाळते. केपटाऊनच्या विद्यापीठातून विद्यार्थिनीच्या प्रकरणात बदनाम होऊन आलेला तिचा बाप डेव्हिड तिच्याकडे राहायला येतो आणि तिचे एकटेपण पाहून अस्वस्थ होतो. ल्यूसी सांगते, कुत्री आहेत, बंदूक आहे. वाचकाने हे दोन तपशील लक्षात ठेवावेत. दोन पुरुष आणि एक मुलगा फोन करायचा आहे असे सांगून घरात शिरतात. डेव्हिडला कोंडतात, पेटवतात. ल्यूसीवर बलात्कार होतो. आणि पिंजऱ्यांतील कुत्री गोळ्या घालून मारली जातात ती घरातल्याच बंदुकीने. संरक्षणाचे साधन संरक्षितावर उलटते. कुट्सी या उपरोधावर कोठेही बोट ठेवत नाहीत, हे त्यांच्या कोरड्या निवेदनाचे सामर्थ्य.

मात्र या कादंबरीतील खरा प्रश्न हल्ल्याचा नसून पेट्रसचा आहे. एके काळी ल्यूसीकडे काम करणारा, आता तिचा सहमालक आणि सरकारी अनुदानाने तिच्याच शेताला लागून जमीन घेतलेला पेट्रस हल्ल्याच्या दिवशी शेतावर नव्हता. का नव्हता? डेव्हिड विचारत राहतो, उत्तर मिळत नाही. पुढे हल्लेखोरांतील मुलगा पेट्रसच्या घरच्या समारंभात दिसतो. तो त्याच्या पत्नीचा नातलग निघतो. अखेर पेट्रस ल्यूसीशी विवाहाचा प्रस्ताव ठेवतो, आणि ती तो मान्य करते : जमीन त्याच्या नावे, घर तिचे, होणारे मूल त्याच्या कुटुंबाच्या छत्राखाली.

वर्गात ही कादंबरी शिकवली जाते तेव्हा विद्यार्थी हमखास विचारतात की ल्यूसी पोलिसांना सारे का सांगत नाही आणि शेत सोडून का जात नाही. चोरीची तक्रार ती देते. बलात्काराविषयी ती बोलत नाही. तेथे राहण्यासाठी द्यावी लागणारी ही किंमत असेल, असे ती स्वतः एकदा बापाला सुचवते. या उद्गारावरून तिला वर्णभेदाचे प्रायश्चित्त घेणारी प्रतिमा बनवणारे वाचन मला पटत नाही. त्यात तिच्या देहाचे रूपक होते आणि तिचे दुःख नाहीसे होते. ती स्वतः आपण तत्त्वासाठी हे करीत असल्याचे नाकारते. तिच्या निर्णयात मला दिसतो तो राखणीचा व्यवहार, अतिशय कठोर, असमान आणि उघड्या डोळ्यांनी केलेला. शेजारच्या एटिंगर या वृद्ध शेतकऱ्याचा मार्ग तिच्यापुढे होता : पिस्तूल, गज, कुंपण. बापाचा मार्ग होता : हॉलंडला निघून जाणे. तिसरा मार्ग ज्याच्यापासून भय आहे त्याच्याशीच करार करण्याचा. पेट्रसने हल्ला घडवला असे कादंबरी म्हणत नाही, त्याला निर्दोषही ठरवत नाही. त्याच्या गैरहजेरीचा अर्थ इतकाच स्पष्ट आहे की तो असेल तर घर सुरक्षित, नसेल तर नाही. राखणदाराचे मोल यापेक्षा वेगळ्या रीतीने सांगितले जात नाही.

या चित्रणावर दक्षिण आफ्रिकेत वादळ उठले. २००० मध्ये प्रसारमाध्यमांतील वंशवादाच्या चौकशीपुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने केलेल्या निवेदनात गोऱ्यांच्या मनातील काळ्या माणसाच्या प्रतिमेचा दाखला म्हणून या कादंबरीचा उल्लेख झाला. कादंबरीला बुकर पारितोषिक मिळून तेव्हा वर्षही उलटले नव्हते. पात्राचे मत आणि लेखकाचे मत यांत गल्लत झाली, असे उत्तर कुट्सींच्या बाजूने दिले जाते आणि ते बरोबरही आहे, कारण संपूर्ण कादंबरी डेव्हिडच्या दृष्टिकोनातून येते आणि हा डेव्हिड स्वतः एका तरुणीवर बळजोरी केलेला, विश्वास ठेवण्यास अपात्र असा पुरुष आहे. ल्यूसीच्या खोलीत काय घडले ते वाचकाला कळत नाही, कारण ते त्याला कळत नाही. परंतु या उत्तराने एक उणीव झाकली जाते. डेव्हिडला ल्यूसीचे मन कळत नाही, तरी ल्यूसी बोलते, भांडते, पत्र लिहिते. पेट्रसला मात्र व्यवहारापुरतेच शब्द आहेत.

४

लेसिंगही मोझेसच्या मनात जात नाहीत. खुनानंतर त्याला काय वाटले असेल, पश्चात्ताप की सूड पुरा झाल्याचे समाधान, हे सांगता येणार नाही, अशा आशयावर ती कादंबरी थांबते. हा प्रामाणिकपणा आहे असे म्हणता येईल. गोऱ्या लेखिकेने जे ठाऊक नाही त्यावर हक्क सांगितलेला नाही. पण परिणाम असा की दोन्ही कादंबऱ्यांत भयाचे निवेदन घराच्या आतून होते. रान, अंगण आणि मजुरांची खोपटी आतून पाहिली जातात; खोपटीतून घर कसे दिसते हे अंधारातच राहते.

'गोतावळा'चे महत्त्व या संदर्भात जाणवते. मळा मालकाचा, राखण नारबाची. मालक गावात राहतो. मळ्यातल्या एकाकी रात्री बैल, गाई, कुत्री यांच्या संगतीत काढणारा नारबाच या कादंबरीचा निवेदक आहे, आणि तो आपल्या कागलकडच्या बोलीत बोलतो. येथे अंधाराचे भय जवळजवळ नाही. मळ्यातला प्रत्येक आवाज नारबाच्या ओळखीचा आहे. जनावराच्या श्वासावरून त्याला त्याचे दुखणे कळते. जी स्थिती मेरी टर्नरला वेड लावते ती याचे घर आहे. तरीही ही असुरक्षित माणसाचीच कादंबरी आहे. नारबाचे भय दिवसाढवळ्या येते, मालकाच्या मुखातून येते, आणि अखेर यंत्राच्या रूपाने मळ्यात शिरते. ट्रॅक्टर आला की बैल नकोत. बैल गेले की बैलांचा माणूस नको. एकेक जनावर जाते तसतसे हे घर रिकामे होत जाते, आणि ज्याने ते राखले त्याला त्यावर हक्क सांगण्यासाठी कोणताही कागद नसतो.

पेट्रसपाशी असा कागद आहे. सरकारी अनुदानाचा आणि खरेदीचा. मोझेसपाशी फक्त वण होता. नारबापाशी बोली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये (१९६४) १९४८ सालच्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत घरे पेटतात, तेव्हाही निवेदन जळणाऱ्या घरांच्या बाजूनेच येते, आणि ते स्वाभाविक आहे. त्या घरांकडे बाहेरून पाहणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे येणे काय होते, हा प्रश्न त्या कादंबरीच्या कक्षेत येत नाही. 'गोतावळा'त मालकाला आवाज दुय्यम आहे, राखणदाराला पूर्ण आहे. म्हणूनच तेथे मालकाच्या घराविषयी, त्याच्या ट्रॅक्टरच्या हिशेबाविषयी आपल्याला फारसे कळत नाही. मोझेसच्या मनाविषयी कळत नाही, तेवढेच थोडे.