जनपदोध्वंस आणि शासनाची खुली आकडेवारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात भगवान आत्रेयांनी अग्निवेशास जनपदोध्वंसाचे विवेचन केले आहे. प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात, हा तेथील प्रश्न. वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असून ते विकृत झाल्याने असे घडते, हे त्याचे उत्तर. वैद्य आपल्या रुग्णाची नाडी पाहू शकतो. परंतु साऱ्या जनपदाचा देश-काल त्यास एकट्याने दिसत नाही. त्यासाठी शासकीय नोंदीच पाहाव्या लागतात.

माकडतापाचे उदाहरण

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला हा विषाणुजन्य ज्वर गोचिडीच्या दंशाने होतो. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी, २०१६ मध्ये दोडामार्ग व २०१७ मध्ये बांदा परिसर, असा तो आपल्या दारी आला. देश म्हणजे जंगलालगतची गावे. काल म्हणजे साधारणतः डिसेंबर ते मे. याच काळात काजूच्या बागांतील कामेही येतात. मृत माकड ही येथे धोक्याची पहिली सूचना होय. परंतु मृत माकडे, रुग्ण आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांच्या नोंदी निरनिराळ्या खात्यांकडे राहतात. गाव व आठवडा या दोन सूत्रांनी त्या एकत्र गुंफल्या, तरच धोक्याचा नकाशा तयार होतो.

‘खुली’ म्हणजे काय?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार शासकीय कार्यालयांनी बरीच माहिती न मागता प्रसिद्ध करावयाची आहे. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने आकडेवारी संगणकास वाचता येईल अशा स्वरूपात देण्यावर भर दिला. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे साप्ताहिक अहवाल संकेतस्थळावर आले, ही मोठी सोय झाली. मात्र ते पीडीएफ पानांच्या रूपात. अशी पाने डोळ्यांनी वाचता येतात, पण त्यांतील आकडे संगणकास थेट जुळवता येत नाहीत. तेच आकडे तक्त्याच्या स्वरूपात मिळाल्यास एखादा तरुण संगणकतज्ज्ञ गावनिहाय नकाशा करू शकेल.

वैद्यांसाठी अभ्यास

या अहवालांत साथ सुरू झाल्याची व ती कळविली गेल्याची, अशा दोन तारखा असतात. आपल्या जिल्ह्याच्या नोंदी काढून त्यांतील अंतर मोजावे. ते अंतर म्हणजे उपचार व प्रतिबंधासाठी गमावलेले दिवस होत.

हे अंतर कमी करणे काही अंशी आपल्या हाती आहे. जंगलात जाणाऱ्या व्यक्तीस अकस्मात तीव्र ज्वर, शिरःशूल, अंगमर्द किंवा रक्तस्राव दिसल्यास तिला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून रक्ततपासणी करवावी. रुग्णाचे नाव गुप्तच राहावे. नकाशासाठी गाव व आठवडा पुरेसा आहे. आपण न दिलेली नोंद कोणत्याही खुल्या आकडेवारीत दिसणार नाही, याचे भान प्रत्येक वैद्याने ठेवावे.