टेम्पोच्या हौद्याचा लेप : साठवणकाल आणि दक्षता

आजारी जनावर दवाखान्यात न्यायचे तर टेम्पो लागतो. परळ येथील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १८८६) व तेथील पशुरुग्णालयाकडे ठाणे-रायगड भागातून जनावर आणतानाही तेच वाहन. शेणमुताने हौद्याचा पत्रा गंजतो आणि गुळगुळीत पत्र्यावर खूर घसरतात. म्हणून हौद्याला आतून पॉलियुरेथेनचा खरखरीत लेप देतात. हा लेप डबाबंद मिळत असल्याने घरच्या घरी लावता येतो. मात्र जुना डबा व चुकीची हाताळणी यांमुळे खर्च वाया जातो आणि कायमचा दमाही जडू शकतो.

लेपात काय असते?
दोन डब्यांच्या लेपात एकात राळ व दुसऱ्यात हार्डनर असतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायन असते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील वायू याच वर्गातला. लेपातील आयसोसायनेट तेवढे उडून जाणारे नसते. तरी फवारणीचे तुषार श्वासातून फुफ्फुसात जातात. एका डब्याचा पॉलियुरेथेन लेप हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. त्यातही हेच रसायन असते.

डबा किती दिवस टिकतो?
१) सीलबंद डब्याची मुदत उत्पादनाप्रमाणे बदलते. खरेदी करतानाच उत्पादनाची तारीख व मुदत पाहावी.
२) डबा एकदा उघडला की छापील मुदत धरू नये. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. हा ओलावा डब्यात शिरून वर साय धरते, गुठळ्या होतात, हार्डनर गढूळ होतो.
३) असा माल थिनर घालून सुधारत नाही. तो वापरू नये.
४) हार्डनरमध्ये पाणी गेल्यास कर्बवायू तयार होतो. झाकण घट्ट लावल्यास डबा फुगून फुटतो. फुगलेला डबा ठोकू किंवा उघडू नये. माणसे व जनावरे दूर करून विक्रेत्यास कळवावे.
५) डबे थंड, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. गोठ्यात, वैरणीजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत.

लावताना
काम पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवशी, उघड्यावर करावे. बंद गाळ्यात करू नये. गंज खरवडून पत्रा पूर्ण कोरडा करावा. हार्डनर मिसळल्यावर लेप थोड्याच वेळात घट्ट होऊ लागतो आणि उन्हाळ्यात ही वेळ आणखी कमी होते. म्हणून लावता येईल तेवढाच कालवावा. उरलेला ढीग तापतो. तो वैरणीपासून दूर, उघड्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावा.

ब्रश किंवा रोलर वापरावा. घरी फवारणी करू नये. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. रबरी हातमोजे व चष्मा घालावा. अंगावर पडल्यास साबण-पाण्याने धुवावे, थिनरने नव्हे. जवळ बिडी, चूल नको. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. एकदा शरीर या रसायनाला संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्रेनेही दम लागतो. छाती आवळणे, खोकला जाणवल्यास मोकळ्या हवेत यावे व डबा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

नंतरची काळजी
डब्यावर सांगितलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय हौद्यात जनावर चढवू नये. दूध, भाजी थेट लेपावर ठेवू नये, क्रेट वापरावेत. पुढे हौद्याला वेल्डिंग करायचे झाल्यास त्या जागेचा लेप आधी खरवडून काढावा, कारण तापलेल्या लेपातून पुन्हा विषारी वाफ निघते. रिकामा डबा पाणी, पेंड किंवा बियाण्यासाठी कधीही वापरू नये.

थोडक्यात, एका हौद्याला पुरेल एवढाच ताजा माल घ्यावा आणि त्याच दिवशी संपवावा. उरवून ठेवलेला अर्धा डबा ही बचत नव्हे, घरातला धोका आहे.