साखळी निसटली तेव्हा

टप्प्यांच्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतींत तीन आठवडे, २१ टप्पे. काल काहीही घडलेले असो, सकाळी पुन्हा पायडल मारायचेच. त्यात पायांआधी मन थकते.

स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच बघा. २०२० च्या तूर द फ्रान्समध्ये तो ५७ सेकंदांनी पुढे होता. शेवटून दुसऱ्या दिवशी, घड्याळाशी एकट्याने झुंजायच्या टप्प्यात, सारे गेले. शर्यत ५९ सेकंदांनी हरला. पंधराच दिवसांनी बेल्जियममधली मोठी शर्यत त्याने जिंकली.

२०२३ च्या जिरो द'इटालियात पुन्हा तसाच टप्पा, मोंते लुस्सारीचा खडा चढ. टप्प्याआधी तो २६ सेकंद मागे होता, आणि भर चढावर साखळी निसटली! तो उतरला, साखळी चढवली, एका प्रेक्षकाने मागून ढकलले, निघाला. शर्यत १४ सेकंदांनी जिंकला. वाया गेलेले सेकंद मोजत बसला असता तर?

आपल्या घरात पहिला पेपर बिघडला की पोरं रात्रभर त्याचीच उत्तरं ताडत बसतात, आणि आपणही खोदून खोदून विचारतो. आम्हीही ही चूक केली आहे. सायकलपटू टप्पा संपला की जेवतो, मालिश करून घेतो, झोपतो. त्या रात्री पोराला गरम जेवण वाढा, दिवा लवकर मालवा. पेपरचा विषय काढू नका.