आधी पाचवं अक्षर बघ

अरे, डब्लिनहून बाबांना पैसे पाठवायचे तर खुशाल पाठव, पण गुगलवर कोड शोधून फॉर्म भरू नकोस. उभी हयात फॉरेक्स काउंटरवर गेली माझी, म्हणून सांगते. बाबांना मुलुंडच्या शाखेत जाऊ दे आणि 'परदेशातून पैसे मागवायचा तपशील लेखी द्या' एवढंच मागू दे. त्या कागदावर असेल तेच भरायचं.

पासबुकावर असतो तो आयएफएससी, देशातल्या देशात चालणारा. तो अकरा अक्षरी आणि परदेशातून पैसे मागवायला लागणारा स्विफ्ट कोडही आठ किंवा अकरा अक्षरी, म्हणून लोक गोंधळतात. खूण पाचव्या जागी आहे. आयएफएससीत तिथे कायम शून्य. स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर देशाचं, आपलं 'आयएन'. स्टेट बँकेचा घे : एसबीआयएन-आयएन-बीबी. आधी चार अक्षरं बँकेची, मग देश, मग ठिकाण. पुढची तीन असली तर शाखेची. फॉर्मने अकरा मागितली आणि तुझ्याकडे आठच असली, तर शेवटी तीन एक्स लाव, मनाने शाखा जोडू नकोस. चेकच्या तळाशी ४०० ने सुरू होणारे नऊ आकडे दिसतील, ते एमआयसीआर. चेक वटवायला ठीक, तुला त्यांचा उपयोग नाही.

तिकडचा फॉर्म आयबान मागेल. आपल्याकडे आयबान नसतो. देश भारत निवडलास की साधा खाते क्रमांक घेतो. तो मात्र आकडा-आकडा ताडून बघ. कोड निरोप बँकेच्या दारापर्यंत नेतो, बाबांच्या खात्यापर्यंत नेतो तो हा क्रमांक. हो, निरोपच. स्विफ्टवरून पैसे जात नाहीत. १९७३ साली बेल्जियममध्ये बँकांनी मिळून उभारलेली ही संदेशांची व्यवस्था. पैसे बँका एकमेकींकडच्या खात्यांत वळते करतात आणि मधली एखादी आपली फी कापून घेते. बाबांच्या हाती पुरी रक्कम पडायला हवी, तर खर्च पाठवणाऱ्याचा, म्हणजे 'ओयूआर' निवड. कॉलेजची फी इथून तिकडे जाते तेव्हा तर हे विसरूच नये. थोडी जरी कमी पोचली तरी ते लोक बाकी काढत बसतात.

मुलुंडच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल, त्यात काही वावगं नाही. बहुतेक शाखांना नसतोच. सहकारी बँकेत खातं असेल तर मात्र दोनदा विचार. त्यातल्या बऱ्याच बँका दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत पैसे घेतात. मग दोन्ही बँकांची नावं आणि बाबांचा खाते क्रमांक कुठल्या रकान्यात लिहायचा, हेसुद्धा त्याच कागदावर हवं.

जुनी चेकबुकं बाद समज. घाटकोपरला कित्येक कपाटांत अजून देना बँकेची पडून असतील. ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली आणि तिचे आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. सिंडिकेट बँकेचा तर स्विफ्ट कोडही गेला.

नावाचं बघ. पासबुकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. तू लिहिणार नुसतं नाव-आडनाव. पासबुकात आहे तसंच पूर्ण लिही. आईला पाठवशील तेव्हा खातं माहेरच्या नावाचं की सासरच्या, हे आधी विचार.

पैसे आले की बँक बाबांना फोन करून कशासाठी म्हणून विचारेल. घरखर्चाला असतील तर पी१३०१ हा परपज कोड. तो त्यांना लिहून देऊन ठेव, नाहीतर अनोळखी फोन म्हणून कापतील आणि रक्कम तिकडे लोंबकळत राहील. चार-पाच दिवसांत जमा झाली नाही तर इथे शाखेत भांडून काही होत नाही. तुझ्या बँकेकडून स्विफ्टची प्रत आणि यूईटीआर क्रमांक माग, मला व्हॉट्सॲप कर. तो नंबर दाखवला की निरोप कुठल्या बँकेत थांबलाय ते कळतं, मग पुढचं मी बघते.