फोर-ट्रॅक कॅसेट संगणकावर घेताना: खर्च कुठे करावा, लेव्हल कुठे ठेवावी

कपाटात जुन्या फोर-ट्रॅक कॅसेट पडून असतील, तर त्या संगणकावर घेण्याचं काम लांबणीवर टाकू नका. टेप जुनी होत जाते आणि ती वाजवणारं यंत्रही. खर्च आवाक्यातला आहे. मात्र लेव्हल चुकली आणि आवाज फाटला, तर नंतर कितीही पैसे मोजून तो पूर्ववत होत नाही.

यंत्र कोणतं लागेल?

टॅस्कमने १९७९ साली '१४४' हा पहिला पोर्टास्टुडिओ आणला आणि साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक घेण्याची सोय झाली. हे चारही ट्रॅक एकाच दिशेने धावतात. '१४४' आणि त्याच्यासारखी अनेक यंत्रं नेहमीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर चालतात. त्यामुळे सी-६० कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं मावतात. अशी कॅसेट घरच्या साध्या डेकवर लावली, तर दोन ट्रॅक अर्ध्या वेगाने ऐकू येतात आणि बाजू बदलली की उरलेले दोन उलटे वाजतात. म्हणून ज्या जातीच्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं, त्याच जातीचं यंत्र मिळवा. डीबीएक्स ही खरखर कमी करणारी सोय चालू ठेवून रेकॉर्ड केलं असेल, तर वाजवतानाही ते चालूच हवं.

घरी केल्यास खर्च

चार लाइन इनपुटचा यूएसबी इंटरफेस साधारण १५ ते ३० हजार रुपयांना येतो. दोन इनपुटचा पाच ते पंधरा हजारांत मिळतो, पण इथे काटकसर अंगलट येते. दोन-दोन ट्रॅक वेगवेगळ्या फेऱ्यांत घेतले, तर टेपचा वेग दोन्ही वेळा तंतोतंत सारखा राहत नाही. सुरुवातीला जुळवलेला तबला गाण्याच्या शेवटी गायकाच्या मागे-पुढे होतो. तुमच्या यंत्राला चार ट्रॅकसाठी चार वेगळे 'टेप आउट' असतील, तर चार इनपुटच घ्या.

चार केबल आणि हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल यांना हजार-दीड हजार पुरतात. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. जागेची चिंता नको: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात, म्हणजे सी-६०च्या चार ट्रॅकना अर्धा जीबी. एवढ्यासाठी एमपी-३ करण्यात काहीच फायदा नाही. वेव्ह फाइलच ठेवा.

लेव्हल लावण्याची पद्धत

केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा. माइक किंवा गिटारचं इनपुट नको. फँटम पॉवर बंद ठेवा.

मग चारही इनपुट एकसारखे करा. फोनवर एक किलोहर्ट्झचा टोन लावा, फोनचा आवाज स्थिर ठेवा आणि तीच केबल एकेका इनपुटला जोडत जा. चारही मीटरवर उणे १८चा आकडा येईपर्यंत नॉब फिरवा. हे पाच मिनिटांचं काम फार मोलाचं आहे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये पेटी गायकापेक्षा हळू ठेवली असेल, तर ते प्रमाण यामुळे जसंच्या तसं राहतं.

आता टेपवरचा सर्वांत जोरकस भाग वाजवा. यंत्रावरच्या सुईवर विसंबू नका. व्हीयू मीटरची सुई सरासरी दाखवते; ढोलकीची थाप तिच्या लक्षात येण्याआधीच होऊन जाते. संगणकावरचं पीक मीटर पाहा. सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. एखादा ट्रॅक त्याच्या वर गेला, तर चारही नॉब सारख्याच प्रमाणात कमी करा आणि टोन लावून पुन्हा तपासा.

एवढी जागा रिकामी सोडली तर आवाज बारीक येईल, ही भीती अनाठायी आहे. २४ बिटची व्याप्ती कागदोपत्री १४४ डेसिबल आहे. नॉइज रिडक्शन नसलेल्या कॅसेटची साधारण ५० ते ६०. टेपची खरखर संगणकाच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. हळू घेतलेला ट्रॅक नंतर बिनधास्त वाढवता येतो. पण शून्य हे डिजिटलचं छत आहे. त्याला धडकलेल्या लहरीचा माथा कापला जातो आणि तो पुन्हा उगवत नाही.

बाहेर काम देताना हे विचारा

दर कॅसेटवर आहे की तासावर? चारही ट्रॅक एकाच फेरीत घेणार का? फाइल २४ बिट वेव्ह मिळणार का? प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा 'नॉर्मलाइज' करणार असतील, म्हणजे त्याची लेव्हल कमाल मर्यादेपर्यंत वाढवणार असतील, तर नको म्हणून सांगा; ट्रॅकचं आपसातलं प्रमाण बिघडतं. आधी एक कॅसेट देऊन बघा, फाइल उघडून पीक तपासा, मग बाकीच्या द्या. पक्कं बिल घ्या आणि मूळ कॅसेट मोजून परत घ्या.

कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती घरी वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. असं काम जाणकाराकडेच द्यावं.

थोडक्यात

दोन-चारच कॅसेट असतील, तर बाहेर करून घेणं स्वस्त पडतं. पेटीभर असतील आणि यंत्र हाताशी असेल, तर चार इनपुटचा इंटरफेस घ्या. दोन्ही वेळा नियम एकच: सर्वांत मोठा ठोका उणे सहाच्या खाली ठेवा. फाइल तयार झाल्या की दोन वेगळ्या ठिकाणी जपा आणि मूळ टेप फेकून देऊ नका.