बाटली, पाणी आणि आवाज

'ध्वनी कंपनामुळे निर्माण होतो' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले. पण कंपन म्हणजे काय हे किती जणांनी बोटांनी अनुभवले? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भौतिकशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार तो किती! तरीपण धाकट्या भावंडांचा अभ्यास घेताना वाटते की, ध्वनीचा धडा नुसत्या फळ्यावरून शिकवूच नये.

आरंभ स्वतःच्या गळ्यापासून करावा. मुलांनी कंठावर दोन बोटे ठेवून 'स्‌ स्‌' असा लांब आवाज काढावा, मग ओठ मिटून 'म्‌ म्‌'. पहिल्या वेळी बोटांना काही लागत नाही. दुसऱ्या वेळी गळा थरथरतो. आपल्या जुन्या वैयाकरणांनी वर्णांचे अघोष आणि घोष असे भेद केले, ते याच फरकावर. मराठी आणि कन्नड व्यंजनांचा क्रम एकच. तेव्हा बेळगावातील मुलांनी, शाळा कोणत्याही माध्यमाची असो, हा प्रयोग एकत्र बसून करावा. 'कंपन' हा शब्दही दोन्हीकडे तोच आहे.

मग काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत पाव भाग पाणी, दुसरीत पाऊण. चमच्याने हलकेच ठोकले की जास्त पाण्याची बाटली खालच्या स्वरात वाजते. मुले लगेच नियम करून मोकळी होतात: पाणी जास्त, स्वर खाली. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावर आडवी फुंकर मारायला सांगावी. निकाल नेमका उलटा!

येथे शिकवणाऱ्याने गप्प बसावे. (हेच सर्वांत अवघड, उत्तर सांगून टाकण्याची आपल्याला फार घाई.) मुलांना भांडू द्यावे आणि एवढेच विचारावे, "हलते आहे कोण?" ठोकताना काच आणि पाणी मिळून हलतात, पाण्याने वजन वाढते, कंपने सावकाश होतात. फुंकताना हलते ती आतली हवा; पाणी वाढले की हवेला जागा थोडी उरते, कंपने जलद होतात. तबल्याची शाई हाही वजनाचाच खेळ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला-मृदंगावरील आपले निरीक्षण १९२० साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले होते.

खर्चाच्या बाजूला लिहायला काही नाही, बाटल्या घरच्याच. पाण्याऐवजी तेल भरले तर, असे एखाद्याने विचारलेच, तर पुस्तक न उघडता आईच्या परवानगीने तेलाचा डबा आणावा.